बोटातील अंगठी आणि तिसरे अणुव्रत

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाङ्निश्चयाला महाराष्ट्रात ‘साखरपुडा’ म्हणतात. नावातच त्या विधीचा सारा ऐवज आहे. साखरेचा पुडा, नारळ, मुलीसाठी एक साडी आणि चार वडीलधाऱ्यांसमोर दिलेला शब्द, एवढ्यावर पूर्वीच्या सोयरिकी ठरत आणि टिकत. या विधीत अंगठी पुष्कळ उशिरा आली. हिऱ्याची अंगठी तर आणखी उशिरा. अमेरिकेतील एका जाहिरातसंस्थेने १९४७ मध्ये डी बिअर्स या हिरे कंपनीसाठी ‘हिरा चिरंतन असतो’ अशा अर्थाचे एक वाक्य तयार केले आणि विवाहाचे वचन व हिरा यांची सांगड जगभर घातली गेली. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ती सांगड मुंबई-पुण्याहून महाड, पोलादपूर आणि शिवथर खोऱ्यातील घरांपर्यंत येऊन पोहोचली. एखादा उपचार जाहिरातीतून आला, एवढ्यावरून तो त्याज्य ठरत नाही. मात्र जी वस्तू परंपरेने दिलेली नाही, तिची परीक्षा परंपरेच्या कसोटीवर करून घेणे श्रावकाला भागच आहे.

महाड तालुक्याला हिऱ्याची अंगठी तशी अपरिचित नाही. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन दरबारात उपस्थित होता. दरबारातील गर्दीत दुभाषा नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, आणि महाराजांचे लक्ष तिकडे गेले, अशी नोंद ऑक्झिंडेनच्या वृत्तांतात आहे. त्या काळी जगाला हिरे मिळत ते प्रामुख्याने भारतातून, गोवळकोंड्याच्या राज्यातील खाणींतून. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने कोल्लूरच्या खाणीवर पुरुष, स्त्रिया आणि मुले मिळून साठ हजार माणसे राबत असल्याचे लिहून ठेवले आहे. अंगठीचे वर्णन इतिहासात राहिले. ते साठ हजार हात मात्र कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. आजही अंगठीच्या बाबतीत नेमके हेच घडते.

जैन घरातील स्वयंपाकघर पाहावे. पाणी गाळलेले आहे का, पिठाचा काळ उलटला आहे का, भाजीत कंदमूळ आहे का, सूर्यास्ताला किती अवकाश आहे, हे प्रश्न घरातील लहान मूलही विचारते. बाजारातून बिस्किटाचा पुडा आणला तर त्यावरील हिरवी खूण पाहिली जाते. मिठाईवरील चांदीचा वरख जनावराच्या आतड्यात कुटला जातो हे कळल्यावर अनेक संघांनी त्याची चौकशी केली आणि वरख वापरणे थांबवले. ताटात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला ‘तू कुठून आलीस’ असे विचारणारा हा समाज आहे. तोच समाज सराफाच्या दुकानात बसला की फक्त दोन प्रश्न विचारतो : आजचा भाव काय आणि घडणावळ किती? पोटात जाणाऱ्या वस्तूसाठी इतका विवेक आणि बोटात जाणाऱ्या वस्तूसाठी काहीच नाही, ही विसंगती तपासून पाहण्यासारखी आहे. ज्या संस्थेचा महोत्सवच सुवर्णाच्या नावाने साजरा होतो, तिच्या व्यासपीठावरून तर हा विषय निघायलाच हवा.

आगमांनी या बाबतीत मौन बाळगलेले नाही. उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात पृथ्वीकायिक जीवांची जी गणना आहे, तिच्यात माती, वाळू, मीठ यांच्या जोडीला लोखंड, तांबे, शिसे, रुपे, सुवर्ण आणि वज्र म्हणजे हिराही येतो. खाणीच्या उदरात असलेले सोने जैन दृष्टीने निर्जीव द्रव्य नव्हे. श्वेतांबर परंपरेत श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांमध्ये ‘स्फोटकर्म’ आहे. भूमी फोडण्याचा, खणण्याचा व्यवसाय असा त्याचा अर्थ. म्हणून श्रावक खाण चालवत नाही. पण खाणीतून निघालेली वस्तू तो विकतो आणि अंगावरही घालतो. गृहस्थाला आरंभ पूर्णपणे टाळता येत नाही, हे शास्त्रालाही मान्य आहे. प्रश्न उरतो तो प्रमाणाचा आणि सावधानतेचा.

प्रमाण किती, हे आकड्यांनीच सांगावे. मोठ्या उघड्या खाणीत एक टन दगडामागे साधारण एक ते चार ग्रॅम सोने हाती लागते. म्हणजे चार ग्रॅमच्या साध्या अंगठीसाठी एक ते चार टन खनिज दगड फोडून दळावा लागतो. त्या दगडापर्यंत पोहोचण्यासाठी उपसलेली माती वेगळीच. दळलेल्या दगडातून सोने वेगळे काढण्यासाठी सायनाइड वापरतात. कर्नाटकातील कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, तरी सायनाइडने धुतलेल्या चुऱ्याचे डोंगर तेथे अजून उभे आहेत. छोट्या, हाताने चालणाऱ्या खाणींत पारा वापरला जातो. पारा आणि सोने यांचा गोळा विस्तवावर धरला की पारा उडून जातो आणि सोने उरते. उडालेला पारा खाणकामगाराच्या फुप्फुसात, नदीत आणि माशांत जातो. मानवी उद्योगांतून वातावरणात जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा याच छोट्या सोनेखाणींचा आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे मूल्यमापन सांगते. पाऱ्यावर निर्बंध घालणारा मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. ज्यांनी महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी उभे राहून सावित्रीचे पाणी पाहिले आहे, त्यांना नदीत काय सोडले जाते या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

डोंगर खाली येणे म्हणजे काय, हेही या खोऱ्याला ठाऊक आहे. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. तो अतिवृष्टीचा प्रकोप होता. पुढच्याच वर्षी, ११ सप्टेंबर २०२२ रोजी, दक्षिण आफ्रिकेतील जागर्सफाँटेन या गावी हिऱ्याच्या जुन्या खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि चिखलाचा लोंढा घरांवरून गेला. हिरे काढून घेतल्यावर उरलेला तो गाळ होता. माणसाने उपसलेला आणि माणसानेच तिथे साठवून ठेवलेला. तळियेच्या आठवणीने ज्यांचा जीव आजही कासावीस होतो, त्यांना जागर्सफाँटेन परके वाटू नये.

आता मुख्य विषयाकडे वळू. तत्त्वार्थसूत्र हा ग्रंथ श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही आम्नायांना मान्य आहे. त्याच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : स्तेनप्रयोग, तदाहृतादान, विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार. पाठशाळेत हे पाच शब्द मुखोद्गत केले जातात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. वास्तविक हे पाच शब्द म्हणजे अंगठी खरेदी करणाऱ्याच्या हाती दिलेली एक संपूर्ण प्रश्नावलीच आहे. व्यापारी समाजासाठी, व्यापार जाणणाऱ्या आचार्यांनी ती रचली असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

तदाहृतादान म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे. स्वतः चोरी केली नाही आणि चोराला प्रेरणाही दिली नाही. केवळ त्याने आणलेले घेतले. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ या काळात जे यादवी युद्ध झाले, त्यात बंडखोरांनी हिऱ्यांच्या खाणी ताब्यात घेतल्या, माणसांचे हात तोडले आणि हिरे विकून शस्त्रे आणली. हे हिरे कोणी तरी विकत घेतले, म्हणूनच ती शस्त्रे आली. हा व्यवहार रोखण्यासाठी २००३ मध्ये किंबर्ली प्रमाणन योजना सुरू झाली. भारत तिचा आरंभापासूनचा सदस्य आहे आणि २००८ व २०१९ या वर्षी अध्यक्षही होता. कच्चा हिरा एका देशातून दुसऱ्या देशात जाताना शासकीय प्रमाणपत्रासह बंद पेटीतच जावा, असा तिचा नियम आहे.

दुकानात ‘आमचे सगळे हिरे किंबर्लीचे’ असे सांगितले जाते, तेव्हा ग्राहकाचे समाधान होते. तेथे थोडे थांबायला हवे. या योजनेची व्याख्या अतिशय अरुंद आहे. वैध सरकारविरुद्ध लढणारे बंडखोर ज्यावर पैसा उभा करतात, त्याच हिऱ्याला ती ‘संघर्षाचा हिरा’ म्हणते. सरकारच्याच सैन्याने अत्याचार केले तर? झिंबाब्वेतील मारांगे येथे २००८ च्या अखेरीस सैन्याने खाणकामगारांवर गोळीबार केला. दोनशेहून अधिक माणसे मारली गेली, असे मानवाधिकार संघटनांनी नोंदवले. तेथील निर्यात काही काळ थांबली आणि २०११ मध्ये तिला पुन्हा अनुमती मिळाली. ही योजना उभी करण्यात पुढाकार घेणारी ग्लोबल विटनेस ही संस्था त्याच वर्षी योजनेतून बाहेर पडली. शिवाय हे प्रमाणपत्र कच्च्या हिऱ्यांच्या गठ्ठ्याला मिळते, अंगठीतील एका खड्याला नव्हे. पैलू पडलेल्या हिऱ्यासाठी व्यापाऱ्यांनी स्वतःहून एक हमीपद्धत ठेवली आहे. प्रत्येक टप्प्यावरच्या विक्रेत्याने हे हिरे संघर्षमुक्त स्रोतातून आल्याचे आपल्या बिलावर लिहून द्यायचे असते. ते बिल सराफाकडे असते. ते दाखवा, असे नम्रपणे म्हणता येते. क्वचितच कोणी म्हणते.

हा विषय दूरच्या आफ्रिकेचा आहे, असे मानण्याची सोय जैन समाजाला नाही. जगातील दर दहा हिऱ्यांपैकी नऊ हिऱ्यांना पैलू भारतात, बहुतांशी सुरतेत पडतात. तो व्यापार उभा करण्यात पालनपुरी जैनांचा वाटा फार मोठा आहे. बेल्जियममधील अँटवर्प या हिऱ्यांच्या नगरीजवळ विल्‍राइक येथे भव्य जिनमंदिर उभे राहिले, तेही याच व्यापाऱ्यांच्या भक्तीतून. सतराव्या शतकातील अहमदाबादचे शांतिदास झवेरी मुघल दरबाराचे जवाहिरे होते आणि संघाचे अग्रणीही. म्हणजे जैन हा या व्यवहारात कडेला उभा असलेला ग्राहक नाही. तो दुकानात गल्ल्यावर बसतो, दुकानाबाहेर ग्राहक असतो आणि मंदिरात दाता असतो. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारीचे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिला गुण ‘न्यायसंपन्न विभव’ हा आहे. देवपूजेचाही उल्लेख न करता आचार्यांनी गणनेचा आरंभ न्यायाने मिळवलेल्या धनापासून केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

विरुद्धराज्यातिक्रम या अतिचाराचा अर्थ राज्याचे नियम डावलून मालाची ने-आण आणि व्यवहार करणे. त्याचे आजचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. देशात खाणीतून निघणारे सोने वर्षाला जेमतेम दीड-दोन टन. बाकी शेकडो टन सोने परदेशातून येते. त्यातले काही आयातकर चुकवून येते. २०२४ च्या जुलैमध्ये हा कर पंधरा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आणला गेला, त्यामागे चोरट्या आयातीला आळा घालणे हाही एक विचार होता. चोरटे सोने कच्च्या पावतीवर विकले जाते. १ जुलै २०१७ पासून सोन्यावर तीन टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो वाचवण्यासाठी ग्राहकच ‘बिल नको’ म्हणतो, आणि ज्या सोन्याला आपला उगम सांगता येत नाही त्याला घरात वाट मिळते. दोन-तीन हजार रुपयांची बचत होते. परंतु तिसऱ्या व्रताला दोन ठिकाणी तडा जातो.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडावी लागेल. महाड, बिरवाडी, पोलादपूर या बाजारपेठा लहान आहेत. सराफ आणि गिऱ्हाईक एकाच उपाश्रयात, एकाच पंगतीत बसतात. कोणी कोणाचा मामा लागतो, कोणी व्याही. ज्यांच्या आजोबांनी आपल्या आजोबांना उधारीवर मंगळसूत्र घडवून दिले, त्यांच्याकडे पक्के बिल मागायचे म्हणजे विश्वासाला धक्का, अशी भावना असते. ती समजण्यासारखी आहे, पण बरोबर नाही. जो सराफ न मागता पक्के बिल देतो, तो स्वतःचे व्रत पाळतो आणि समोरच्यालाही पाळू देतो. ओळखीच्या माणसाकडून बिल मागणे हा त्याचा अपमान समजला जातो, तोपर्यंत प्रामाणिक सराफाचेच नुकसान होत राहते. कारण बिल देणारा महाग आणि न देणारा स्वस्त ठरतो.

हीनाधिकमानोन्मान म्हणजे मापात खोट, हा अतिचार आता बराचसा कायद्याने बांधला गेला आहे. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत सक्तीचा झाला आणि पुढे आणखी जिल्हे त्यात आले. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असलेला हॉलमार्कच ग्राह्य आहे. अंगठीच्या आतल्या बाजूस तीन खुणा पाहाव्यात : भारतीय मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा अंक आणि हा क्रमांक. क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अ‍ॅपमध्ये घातला की दागिना कोणत्या सराफाचा, कोणत्या केंद्रात तपासला आणि शुद्धता किती, हे दिसते. शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई मागण्याचा अधिकार ग्राहकाला नियमांनी दिला आहे. हिऱ्याच्या अंगठीसाठी बावीस कॅरेट सोने मऊ पडते म्हणून बहुधा अठरा कॅरेट वापरतात. तेथे ७५० हा अंक असावा आणि भावही अठरा कॅरेटचाच लागावा. एक गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला ही सक्ती लागू नाही. हलकी अंगठी नेमकी याच फटीतून निसटते. म्हणून तिच्या बाबतीत सराफाच्या लेखी बिलाचे महत्त्व अधिक. बिलावर सोन्याचे निव्वळ वजन, खड्याचे वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेली असावी. एक कॅरेट म्हणजे दोनशे मिलिग्रॅम. खडा सोन्याच्या वजनात धरला जाऊ नये, ही साधी दक्षता आजीबाईंच्या काळापासून चालत आलेली आहे.

पाचवा अतिचार प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाने त्यासारखे दिसणारे दुसरे विकणे. प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्याने या शब्दाला अगदी नवा अर्थ दिला आहे. येथे तीन वस्तूंची गल्लत होते, ती आधी दूर करावी. ‘अमेरिकन डायमंड’ नावाने विकला जातो तो हिरा नसून झिर्कोनियाचा खडा असतो. मॉइसानाइट हाही वेगळाच पदार्थ. प्रयोगशाळेतील हिरा मात्र रासायनिकदृष्ट्या हिराच असतो, कार्बनचाच. अतिउच्च दाबाखाली किंवा वायूतून थरावर थर चढवून तो काही आठवड्यांत वाढवतात. असा हिरा १९५४ मध्ये अमेरिकेत तयार झाला. दागिन्यांच्या दर्जाचे असे हिरे आता सुरतेत मोठ्या प्रमाणावर होतात. नुसत्या डोळ्यांना, जवाहिऱ्याच्या भिंगालाही, त्याचा आणि खाणीतील हिऱ्याचा भेद कळत नाही. त्यासाठी यंत्र लागते. अनेक तरुण जैन दांपत्ये या हिऱ्याकडे अहिंसक पर्याय म्हणून पाहतात, आणि त्यात तथ्य आहे. भूमी फोडावी लागत नाही, बंडखोरांची शस्त्रे येत नाहीत. तथापि तो निरारंभ नाही. त्याला वीज फार लागते, आणि ती वीज कोळशाची असेल तर खाण दुसऱ्या दाराने आत येते. म्हणून सौर वा पवन ऊर्जेवर चालणाऱ्या कारखान्याचा हिरा आहे काय, हे विचारणे योग्य. दुसरे, त्याचे भाव गेल्या काही वर्षांत पुष्कळ उतरले आहेत. अडीअडचणीला मोडता येईल अशा हिशेबाने तो घेऊ नये.

हा हिरा घेण्यात दोष नाही. दोष येतो लपवण्यात. विक्रेत्याने तो खाणीचा म्हणून विकला, लहान खड्यांच्या पुडीत न सांगता मिसळला, तर तो सरळ प्रतिरूपकव्यवहार होय. आणि हा अतिचार केवळ दुकानदाराला लागतो असेही नाही. वरपक्षाने प्रयोगशाळेतील हिऱ्याची अंगठी घालावी आणि वधूपक्षाची समजूत खाणीच्या हिऱ्याची राहू द्यावी, असे प्रकार सोयरिकीत घडू लागले आहेत. ज्या विधीत शब्द द्यायचा, त्याच विधीत शब्दाला बट्टा लावायचा! स्पष्ट सांगून घातलेली पंधरा हजारांची अंगठी येथे निश्चितच श्रेष्ठ.

अंगठी घडवणाऱ्या हातांचा विचार पहिल्या अणुव्रतात येतो. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ हे दोन आहेत. ते बहुधा बैलापुरते समजावून सांगितले जातात. काळबादेवी-भुलेश्वरच्या माळ्यांवर भट्टीच्या धुरात बसणाऱ्या बंगाली कारागिराला ते लागू होत नाहीत काय? एके काळी ‘केडीएम’ हा शब्द शुद्धतेची खूण म्हणून मोठ्या अभिमानाने उच्चारला जाई. त्यात डाग देण्यासाठी कॅडमियम वापरत, आणि त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक ठरतो. खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कामगारांना दगडाच्या भुकटीने सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. सुरतेतील रत्नकलाकारांना बहुधा नगावर मजुरी मिळते. २००८ च्या मंदीत त्यांतील हजारो जणांचे काम एकाएकी गेले आणि ते गावी परतले. पेढीवर मालक म्हणून बसलेल्या श्रावकाने कारागिराची खोली, तिथली हवा आणि मंदीच्या दिवसांतला त्याचा पगार पाहिला, तर ती कोणत्याही प्रमाणपत्राहून मोठी हमी ठरेल. जबाबदार दागिने परिषद नावाची आंतरराष्ट्रीय संस्था अशा गोष्टी तपासून पेढ्यांना मान्यता देते. मोठ्या पेढ्यांकडे तिची मान्यता असते. गावातील सोनाराकडे ती नसणार. परंतु त्याचे दुकान आणि भट्टी गिऱ्हाइकाला डोळ्यांनी पाहता येते, हा लाभ मोठ्या पेढीत नाही.

खड्यांविषयी दोन शब्द पुरेत. मोती शिंपल्यातील जीवापासून येतो. मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये जपानमध्ये संवर्धित मोती काढल्यापासून शिंपल्यात मुद्दाम कण बसवून मोती घेतात आणि तो काढताना बहुधा शिंपला मरतो. पोवळे शास्त्राने पृथ्वीकायात गणले आहे, प्राणिशास्त्र त्याला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत म्हणते. कोणत्याही बाजूने पाहिले तरी जीवच. हस्तिदंत व हत्तीच्या केसाची अंगठी दंतवाणिज्य-केशवाणिज्यात येते, आणि कायद्यानेही निषिद्ध आहे. बोरमाळेसारख्या पोकळ मण्यांत भरलेली लाख कीटकांपासून मिळते. लाक्षावाणिज्य कर्मादानांत स्पष्ट सांगितले आहे. जडावाची अंगठी घेताना आत काय भरले आहे, ते विचारावे.

या सगळ्यातून एका सामान्य कुटुंबाने करायचे काय? या खोऱ्यातील घरांसाठी सर्वांत निर्दोष वाट सर्वांत जुनीही आहे : घरातले सोने मोडून अंगठी घडवणे. आजीची तुटलेली साखळी, आत्याच्या एकट्या राहिलेल्या कानातले सोने, लॉकरमध्ये वर्षानुवर्षे पडून असलेले वळे. त्यासाठी नव्याने भूमी फोडावी लागत नाही, पारा जाळावा लागत नाही, आणि सोन्याचा उगम घरातील प्रत्येकाला ठाऊक असतो. जगातील सोन्याच्या वार्षिक पुरवठ्यापैकी सुमारे चौथा हिस्सा असाच जुन्या सोन्याचा असतो. मात्र बाजारातील ‘पुनर्वापराचे सोने’ आणि आपल्या घरचे सोने यांत फरक आहे. पहिल्याच्या नावाखाली उगम लपवलेले सोनेही खपवता येते. घरचे सोने मोडताना शुद्धता यंत्रावर आपल्यासमोर तपासून घ्यावी, वजन आणि घट लिहून घ्यावी आणि नव्या अंगठीवर हॉलमार्क करून घ्यावा. जुन्या दागिन्यातला हिरा असेल तर तोच नव्या कोंदणात बसवता येतो. काही मुलींना ‘जुनेच दिले’ असे वाटेल, हे खरे. तेव्हा ती साखळी कोणाची होती आणि तिने कोणते दिवस पाहिले, हे सासूने सुनेला सांगावे. नव्या अंगठीजवळ सांगण्यासारखे तसे काहीच नसते.

आकाराचाही प्रश्न आहेच. पाचव्या अणुव्रताच्या मर्यादांत ‘हिरण्य-सुवर्ण’ हे नाव घेऊन सांगितले आहे. अंगठी किती मोठी, हे आता मुलाच्या पगारावरून आणि शेजारच्या साखरपुड्यातील छायाचित्रांवरून ठरते. मुंबईत खोली भाड्याने घेऊन संसार मांडणाऱ्या मुलाने कर्ज काढून खडा घ्यावा आणि त्याचे हप्ते लग्नानंतर दोघांनी फेडावेत, ही उदाहरणे आता अपवादात्मक राहिलेली नाहीत. मुलीच्या वडिलांकडून त्याच तोडीची अंगठी अपेक्षिली जाते, तेव्हा तर तो उघड दबाव असतो. संघाने भोजनातील पदार्थांची संख्या ठरवून दिली, तसे याबाबतही ठरवता येईल.

हिऱ्या-मोत्यांचा व्यापार आणि व्रत एकाच देहात कसे नांदू शकतात, याचे उदाहरण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. श्रीमद् राजचंद्र (१८६७-१९०१) मुंबईत जवाहिराच्या पेढीत भागीदार होते. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींची त्यांच्याशी भेट झाली. मोठा सौदा संपताच हा जवाहिऱ्या आपली धर्मचिंतनाची वही उघडत असे, ही गोष्ट गांधीजींनी आत्मकथेत नोंदवली आहे. त्यांच्याविषयीचा एक प्रसंग परंपरेने सांगितला जातो. एका व्यापाऱ्याने ठरलेल्या भावाने जवाहीर देण्याचा करार केला होता. पुढे भाव इतके चढले की करार पाळला असता तर तो देशोधडीला लागला असता. राजचंद्र स्वतः त्याच्या घरी गेले आणि त्यांनी कराराचा कागद फाडून टाकला. कायदा त्यांच्या बाजूने होता आणि नफा हातात आलेला होता. पण त्या नफ्याचा उगम दुसऱ्याच्या नाशात आहे, हे त्यांनी पाहिले.

येत्या लग्नसराईत या खोऱ्यात साखरपुडे होतील. अंगठी घेण्यास निघालेल्या आईवडिलांनी सराफाला पाच गोष्टी विचाराव्यात : सोने कुठले, हिरा खाणीचा की प्रयोगशाळेचा, हमीचे बिल आहे का, हॉलमार्कचा क्रमांक कोणता आणि अंगठी घडवली कोणी. सराफाला काहींची उत्तरे ठाऊक नसतील. मग तो मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याला विचारील. दहा घरांनी विचारले तर पुढच्या खेपेस माल भरतानाच विचारून येईल. मिळालेले बिल अंगठीच्या डबीतच घडी घालून ठेवावे आणि साखरपुड्याच्या दिवशी डबीसह मुलीच्या हाती द्यावे.

जय जिनेंद्र.